सात वर्षं कच्च्या टाक्यांवर

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन चुकेल आणि शब्दही साधेच असतील. ज्या शिंप्यानं मला शिवलं, तो शाळा लवकर सोडून मशीनवर बसला. मग मला तरी जोडाक्षरं कुठून येणार? मी त्याचा लग्नाचा कोट बोलतोय. लग्न अजून झालेलं नाही.

सात वर्षांपूर्वी त्यानं गुडघे टेकले. "प्रभू, एक चांगली सोबतीण दे, आमेन," म्हणाला आणि लगेच कापड बेतायला घेतलं. एवढा त्याचा विश्वास! फक्त मशीनची पक्की टीप तेवढी मारली नाही. सगळा मी हातच्या कच्च्या टाक्यांवर उभा. "माप बदललं तर? लग्नाच्या आदल्या दिवशी पक्का करू," तो म्हणाला.

माप बदललं. दर वर्षी बदललं. पोटाशी त्यानं मला चार वेळा सैल केलंय.

दरम्यान चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्यांची लग्नं धडाधड जमत होती. कुणाचं ठरलं की तो दारात हजर. "दादा, कोट दे ना एक दिवस!" शिंपी लाजाळू, त्याला नाही म्हणता येत नाही. अशा रीतीनं मी नऊ वेळा वेदीपुढे उभा राहिलो आणि माझा धनी एकदाही नाही. पाववाल्याच्या लग्नात तर त्यानं अंगठी घालायला हात पुढे केला आणि माझी उजवी बाही निखळून नवरीच्या हातात आली. बिचारीनं ती शेवटपर्यंत धरून ठेवली. हसू लपवायला पाळकांनी एक गीत जादा म्हणवलं.

परवा शनिवारी पोस्टमन मला मागायला आला, पुढच्या शनिवारी त्याचं लग्न. वय वर्षं बासष्ट! तो गेल्यावर शिंप्यानं मला मांडीवर घेतलं. "प्रभू, सगळ्यांचे पत्ते सापडतात, माझाच हरवला का रे?" म्हणाला आणि ब्लेड उचललं. माझ्या पिशव्या करायच्या ठरल्या. एक टाका तुटला, दोरा ओढला, सर्रकन डावी बाही खाली. मला वाटलं, आटोपला आपला कारभार.

तेवढ्यात त्याची आत्या उशीचा फाटका अभ्रा घेऊन आली.

"हे काय रे?"

"पुरे झालं, आत्या. सात वर्षं वाट बघितली."

आत्यानं बाही उचलली, चष्मा वर करून पाहिली. "सात वर्षं विश्वास धरलास आणि टाके कच्चे?"

"माप बदलतं गं..."

"मापाचं मला सांगू नकोस. ही उसवायला किती वेळ लागला?"

"एक दोरा ओढला फक्त."

"मग! असं ठेवल्यावर कुणालाही उसवावंसं वाटेल. आणि एवढा कोट असून देवाच्या घरी तो भोकाचा स्वेटर घालून जातोस, ते देवाला दिसत नाही होय?" जाता जाता तिनं अभ्रा टेबलावर टाकला. "हा पक्का शीव हं, बाबा."

शिंप्यानं ब्लेड खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. तीच सात वर्षांची जुनी प्रार्थना केली, एक शब्दही बदलला नाही. मग मशीनवर बसला आणि मला खांद्यापासून खालपर्यंत पक्की टीप मारली. पोटाशी आत दोन बोटं कापड तेवढं राखून ठेवलं. मग मला अंगात चढवलं, बटणं लावली आणि चर्चला निघाला. दारातच पोस्टमन भेटला.

"दादा, कोट?"

शिंपी लाल झाला, पण बोलला. "पुढच्या शनिवारी नक्की देतो, काका. आज मला लागतोय."