देवळातून सुट्टी

मेलबर्नजवळच्या टार्निटमधल्या दत्तमंदिरातल्या स्वयंपाकघराची फरशी उखडून नवी बसवायचं ठरलं, तेव्हा सगळी कमिटी हळहळली. गुरुवारचा महाप्रसाद चुकणार होता. सुहासिनीनेही चेहरा जमेल तेवढा उतरवला, आणि घरी येऊन दार लावल्यावर एकटीच हसली.

ती मंदिराच्या गुरुजींची बायको. मंदिर म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. वर पत्रा, पुढे भलंमोठं पार्किंग, आत मात्र संगमरवरी दत्तमूर्ती आणि समईचा उजेड. त्यांची मुलगी रुचा बालवाडीत होती तेव्हा कमिटीने दत्तात्रय गुरुजींना नरसोबाच्या वाडीहून इकडे आणलं. नेमणूक गुरुजींची झाली, कामाला मात्र दोघं लागली. पूजा गुरुजींनी करायची आणि बाकीचं सुहासिनीने. शिरा, खिचडी, फुलं, तीर्थ, कोणाच्या हरवलेल्या किल्ल्या, कोणाची रडणारी पोरं, आणि "वहिनी, थोडं पॅक करून द्याल का?" म्हणत दारात घुटमळणारे भक्त. देवळात ती रोजच असायची, पण देवासमोर निवांत बसलीय असं कधी झालं नाही. डोळे मिटले की कान कुकरच्या शिट्टीकडे लागायचे.

"आता चार दिवस करणार काय तू?" गुरुजींनी जेवताना विचारलं. ते स्वतः सकाळ-संध्याकाळची पूजा सुक्या मेव्याच्या नैवेद्यावर भागवणार होते.

"मी बेंडिगोला जाते म्हणते."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही. एकटीच."

गुरुजींचा घास हातातच राहिला. ते काही कडक माणूस नव्हते, पण एकटं कुठे जायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. या देशात ते कायम कोणाच्या तरी गाडीतून गेले होते. "तिथे आहे काय?"

"देऊळ," सुहासिनी म्हणाली. "जुनं, चिनी लोकांचं."

ही बातमी रुचाने आणली होती. गेल्या वर्षी शाळेची सहल सोन्याच्या खाणींच्या त्या गावी गेली होती, आणि आल्यावर खाण, खडक वगैरे सोडून पोरगी फक्त लाल देवळाबद्दल बोलली होती. तेव्हापासून ते देऊळ सुहासिनीच्या डोक्यात बसलं होतं. तिला एका अशा देवळात जायचं होतं, जिथे तिला कोणी ओळखणार नाही आणि प्रसाद कुठे ठेवलाय असं विचारणार नाही. हे मात्र तिने कोणाला सांगितलं नाही.

"आई, इट्स सुपर ईझी," रुचा म्हणाली. "सदर्न क्रॉसला ट्रेन बदलायची. जस्ट डोन्ट स्ट्रेस, ओके?"

मंगळवारी सकाळी सुहासिनी निघाली. पर्समध्ये ट्रेन-ट्रामचं मायकी कार्ड, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. टार्निट स्टेशनवर कानात बोळे घातलेली ऑफिसची मंडळी उभी होती. त्यातल्या निम्म्या चेहऱ्यांना तिने कधी ना कधी प्रसाद वाढला असेल, पण लाल साडीऐवजी जीन्स आणि जाड जॅकेट घातलेल्या बाईकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. तिला गंमत वाटली.

सदर्न क्रॉसला तिची जरा तारांबळ उडाली. लाटांसारखं ते उंच छप्पर बघता बघता ती चालत राहिली आणि भलत्याच फलाटावर जाऊन पोचली. तिथल्या गणवेशातल्या माणसाला तिने "बेंडिगो?" एवढंच विचारलं. त्याने हात लांब करून दाखवलं आणि म्हणाला, "नो वरीज, डार्ल, भरपूर वेळ आहे." नवऱ्यानेसुद्धा तिला कधी डार्लिंग म्हटलं नव्हतं. ती लाजली आणि भराभर चालायला लागली.

गाडी शहर सोडून वर डोंगराकडे निघाली तशी सुहासिनी खिडकीला चिकटली. सप्टेंबर होता, म्हणजे इकडचा वसंत. वॅटलची झाडं पिवळ्या गोंड्यांनी लगडली होती, कुरणांत मेंढ्यांच्या मागे कोकरं उड्या मारत होती, मध्येच हत्तीएवढे गोल खडक कोणी आणून ठेवल्यासारखे पडले होते. शेजारची जागा रिकामी होती. तिने त्या जागेवर पर्स ठेवली, मग डबा ठेवला, मग बूट काढून पायही वर घेतले. कोणी काही म्हणालं नाही. दशमीचा वास गाडीच्या डब्याभर पसरला, तरीही कोणी काही म्हणालं नाही. एक म्हातारा गोरा वळून बघून हसला तेवढाच. तिने त्याला अर्धी दशमी दिली. त्याने ती चटणीसकट खाल्ली आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तो पाणीच पीत राहिला, पण उतरताना तिला सलाम ठोकून गेला.

बेंडिगोत स्टेशनपासून जुन्या काळची ट्राम थेट देवळापर्यंत जाते. देऊळ बघून मात्र ती क्षणभर थबकली. केवढंसं ते. वाडीच्या घाटावरल्या एखाद्या ओवरीएवढं. पण लालभडक, नव्या नवरीच्या शालूसारखं, आणि वर मोकळं निळं आभाळ.

दारात टेबलामागे एक वयस्क बाई बसली होती. चेहरा अस्सल चिनी, पांढरे केस कापलेले. सुहासिनीने मनात जुळवून ठेवलेलं इंग्रजी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. बाईने ऐकून घेतलं आणि गावाकडच्या अस्सल ऑस्ट्रेलियन ढंगात म्हणाली, "गुडाय लव्ह, आत जा ना, आज सकाळपासून तू पहिलीच." तिचं नाव डॉरीन. तिच्या पणजोबांचे वडील सोनं खणायला आले होते, आणि तिला स्वतःला चिनी भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. "मला विचारू नकोस त्या पाट्यांवर काय लिहिलंय," ती म्हणाली. "मी पुस्तकातून पाठ केलंय."

आत अंधार होता आणि उदबत्तीचा वास. लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा देव समोर होता. न्यायाचा आणि शौर्याचा देव, असं डॉरीनने सांगितलं.

"किती जुनं आहे?" सुहासिनीने विचारलं.

"दीडशे वर्षांच्या वर."

सुहासिनीला हसू आलं. तिच्या माहेरी दीडशे वर्षांच्या देवळाला लोक अजून 'नवं देऊळ' म्हणतात. पण मग तिने भिंतीवर हात ठेवला. लांबून आलेल्या माणसांनी, दिवसभर खाणीत राबून झाल्यावर, ही वीट हाताने थापली होती. टायरच्या गोदामात मूर्ती बसवली त्या दिवशी कमिटीतली इंजिनिअर मंडळी बाह्या सरसावून खांब रंगवत होती, ते तिला आठवलं. तिने हात जोडले.

"तू काय करतेस, लव्ह?" डॉरीनने विचारलं.

मी देवळातच असते, असं तोंडाशी आलं होतं. ते सांगितलं असतं तर दोघी कामाचं बोलत बसल्या असत्या, समया कशाने घासायच्या इथपर्यंत. सुहासिनी म्हणाली, "आज काही नाही करत. फिरायला आले."

"मस्त," डॉरीन म्हणाली. "मग शहरातलं देऊळ पाहिलंस का, साउथ मेलबर्नचं? ते याहून जुनं. ट्रामने जाता येतं. आजच जा, उद्यावर टाकलं की राहतं."

सुहासिनीच्या मनात तसं काही नव्हतं. पण परतीच्या ट्राममध्ये बसल्यावर तिचं ठरून गेलं.

कासलमेन स्टेशनवर गाडी थांबली आणि डब्यात एक माणूस चढला. हातात कागदी पिशवी, पिशवीतून वाफा. तो सुहासिनीच्या समोरच येऊन बसला, पिशवीतून पाय काढला आणि डोळे मिटून पहिला घास घेतला. ऑस्ट्रेलियात पाय म्हणजे मैद्याच्या पारीत भरलेला खिमा. आणि तो माणूस म्हणजे मंदिराच्या कमिटीचे सेक्रेटरी, उल्हास. मंदिराच्या दारावर 'आवारात मांसाहारी डबा आणू नये' ही पाटी त्यांनीच स्वतःच्या हाताने लावली होती.

त्यांनी डोळे उघडले. घास गिळायला त्यांना बराच वेळ लागला.

"वहिनी," ते म्हणाले.

"उल्हासराव," सुहासिनी म्हणाली.

"आज मंगळवार आहे ना?"

"हो. मंगळवारच आहे."

मग सुहासिनीला हसू आवरेना. आधी तिने रुमाल तोंडाशी धरला, मग तोही बाजूला ठेवला आणि खिडकीवर डोकं टेकून पोटभर हसली. उल्हास आधी कानापर्यंत लाल झाले, मग त्यांनाही हसू फुटलं.

"नुपूरला माहीत नाही," ते म्हणाले. नुपूर त्यांची बायको. "दोन-तीन महिन्यांतून एकदा मी अशी सुट्टी टाकतो. ट्रेनने येतो, टेकडीवर चालतो, एक पाय खातो, परत जातो. ऑफिसला वाटतं मी घरी, घरी वाटतं मी ऑफिसला."

"आणि तुम्ही कुठे असता?"

"कुठेच नसतो, वहिनी. तेच तर बरं वाटतं."

सुहासिनीने मान हलवली. हे तिला शब्दाशब्दाने कळलं. "तुमचा पाय गार होतोय," ती म्हणाली, आणि त्यांनी निर्धास्तपणे खाता यावं म्हणून खिडकीबाहेर बघत राहिली.

शहर जवळ आलं तेव्हा तिने साउथ मेलबर्नच्या देवळाचं सांगितलं. उल्हास लगेच उठून उभे राहिले. "मी येतो बरोबर. ट्राम चुकेल तुमची. गुरुजी काय म्हणतील, वहिनींना एकटं सोडलं म्हणून."

"नको," सुहासिनी म्हणाली, आणि आपला आवाज इतका स्वच्छ निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "मी एकटी निघालेय, एकटीच पोचते. चुकली ट्राम तर पुढची येईल."

ट्राम मिळाली, पण थांबा चुकला. ती एक थांबा पुढे उतरली आणि जुन्या घरांच्या गल्लीतून, फुललेल्या कॅमेलियांकडे बघत उलटी चालत आली. फाटकाशी दोन दगडी सिंह बसले होते. आतल्या एका दालनात, छतापर्यंत, ओळीने नावंच नावं होती. एका म्हाताऱ्याने खुणांनीच सांगितलं की ही सगळी वारलेली माणसं. इकडे कामाला आली, इथेच राहिली. मग त्याने तिच्या हातात तीन उदबत्त्या दिल्या आणि कशा धरायच्या ते दाखवलं.

तिने उदबत्त्या राखेत खोचल्या आणि बाजूच्या बाकावर बसली. नावं वाचता येत नव्हती, तरी ती एकेका ओळीवरून नजर फिरवत राहिली. वाडीला नदीवर उभं राहून वडील पितरांना पाणी द्यायचे ते आठवलं. तिने डोळे मिटले. कुठे काही उतू जात नव्हतं. बाहेरून ट्रामची घंटा येई आणि विरून जाई. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा उदबत्त्या संपल्या होत्या आणि म्हातारा अंगण झाडत होता. झाडू घ्यायला तिचा हात शिवशिवला, पण तिने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

मग ती नदीपर्यंत चालत गेली. यारा नदीच्या काठी काचेच्या इमारतींवर ऊन सोनेरी झालं होतं. तिने व्हिनेगर घातलेले गरम चिप्स घेतले, पायरीवर बसून एकेक करून खाल्ले, आणि दोन सीगल भांडायला लागले तेव्हा त्यांना मराठीत दटावलं.

घरी पोचली तेव्हा गुरुजींनी पिठलं करून ठेवलं होतं. पिठल्यात गुठळ्या होत्या, पण तिने दोनदा वाढून घेतलं. गुरुजींनी खोदून खोदून विचारलं. देव कोणता, मूर्ती कसली, नैवेद्य काय, दिवा तेलाचा की तुपाचा. त्या नावांच्या दालनाचं ऐकल्यावर मात्र ते काही विचारायचे थांबले.

पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग झाली. नवी फरशी सगळ्यांना आवडली. मग उल्हास उठले आणि म्हणाले की स्वयंपाकघराला महिन्यातून एक पूर्ण दिवस विश्रांती हवी, आणि तो दिवस मंगळवार असावा. कारण कोणी विचारलं नाही, कारण उल्हासरावांना सहसा कोणी कारण विचारत नसे. सुहासिनी मागे उभी राहून पेले पुसत होती. तिने मान वर केली नाही.

त्या रात्री गुरुजी बराच वेळ कुशी बदलत होते. शेवटी म्हणाले, "ते साउथ मेलबर्नचं देऊळ मलाही बघायचंय. तू येशील ना?"

"मी पाहिलंय," सुहासिनी म्हणाली. "तुम्ही जा. एकटे जा. संध्याकाळची आरती मी आणि रुचा बघतो."

गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं, झोपले.

"सुहास," थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, "सदर्न क्रॉसला उतरल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे?"