दार लागल्याचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, असे म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. जुनी मी नक्कीच आहे, पण मोटार म्हणून मी अजून पुरती झालेलीच नाही. माझ्या वयाच्या गाड्या जग फिरून भंगारात गेल्या. मी मात्र स्वतःच्या चाकांवर एकदाही रस्त्याने धावले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. इंग्लंडात हौशी माणसे सुटे भाग मागवून घरच्या घरी मोटारी बांधत, त्यांतलीच मी एक. दोन लाकडी खोक्यांतून मी आले. एकात लोखंडी सांगाडा होता, दुसऱ्यात फायबरचे लालभडक अंग. केनेथ नावाच्या तरुणाने मला मागवले होते. "हिच्यातून उन्हाळ्यात समुद्रावर जायचं," असे तो आपल्या होणाऱ्या बायकोला म्हणाला. कोणत्या उन्हाळ्यात, ते मात्र त्याने सांगितले नाही. लग्न झाले, मुले झाली. माझ्या बॉनेटवर आधी रंगाचे डबे आले, मग बाबागाडी, आणि घटस्फोटानंतर कुणीच न नेलेले सामान. पुढच्या मालकाने कुठल्याशा मोडक्या गाडीचे इंजिन आणून माझ्यात बसवले आणि तो दमला. हौसेला मोल नसते म्हणतात. दम मात्र लागतो, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?

त्याने मला विकायला काढले, तेव्हा बघायला येणारे तरुण माझ्या दारांना हात लावून परत जात. माझी दारे बसतच नव्हती. वर फट, खाली घासायची, आणि लावली तर खडखड. एके दिवशी डोरीन आली. पांढऱ्या केसांची, हातात पर्स आणि छत्री घेतलेली म्हातारी. मालकाला वाटले, बाई पत्ता चुकली.

"आजी, आधीच सांगतो, गाडी चालू नाही. आणि दारं तर मुळीच बसत नाहीत."

"नक्की ना?" डोरीनने विचारले. "नंतर म्हणाल, जरा ढकललं की बसतात."

"छे हो! मी सगळं करून पाहिलं."

"मग द्या पाठवून," ती म्हणाली आणि पर्स उघडली. माझ्या दोषावर खूश झालेले ते पहिलेच गिऱ्हाईक. मला तर बाईच्या डोक्याबद्दल शंका आली.

कॉव्हेंट्री गावातल्या तिच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. तिथे मला उभे केले आणि डोरीन नवऱ्याला कोपराला धरून घेऊन आली. त्याचे नाव रेग. गावातल्या मोटारींच्या कारखान्यात त्याने आयुष्यभर एकच काम केले होते. गाड्यांना दारे बसवायचे. कारखाना केव्हाच बंद पडला होता, आणि आता रेगच्या डोक्यातलेही एकेक दालन बंद होत चालले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायची वाट तो विसरला होता. बायकोला कधी बहिणीच्या नावाने हाक मारी, कधी नुसते "अहो बाई" म्हणे. दिवसभर खिडकीशी बसे, मांडीवर हात ठेवून.

त्या दिवशी तो माझ्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने माझ्या दाराच्या फटीत अंगठा घातला आणि वरून खालपर्यंत फिरवला.

"हे दार कुणी बसवलं?" तो म्हणाला. "शुक्रवारी दुपारी पबातून परतलेल्या माणसानं?"

डोरीन खळखळून हसली. रेगने कोट काढला. त्याने दाराला खांदा लावला, बिजागरीचे बोल्ट ढिले केले, दार केसभर उचलले, पुन्हा आवळले. शर्टाची बटणे लावताना चुकणारे ते हात माझ्या अंगावर एकदाही चुकले नाहीत. दुपारी त्याने दार लावले. आपटले नाही, नुसते सोडले. ठप्. एवढाच आवाज आला. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा आपण मोटार असल्यासारखे वाटले.

आणि रेगने घराकडे तोंड करून हाक मारली, "डोरी! चहा टाक गं!"

स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटले. मग डोरीन ट्रे घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. दोघे माझ्या अर्धवट सीटांवर शेजारी शेजारी बसून चहा प्यायले. रेग तिला विचारत होता, की आज ती इतकी नटली कशासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीन एकटीच आली. तिने पाना काढला आणि माझ्या दाराचे बोल्ट ढिले करून टाकले. मित्रांनो, मला काय वाटले असेल! इतक्या वर्षांनी कुणी मला नीट हात लावला, आणि या बाईने केलेल्या कामावर पाणी फिरवले. मी तिला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. थोड्या वेळाने रेग आला. त्याने फटीत अंगठा फिरवला.

"हे दार कुणी बसवलं? शुक्रवारी दुपारी पबातून परतलेल्या माणसानं?"

डोरीन कालच्याइतकीच खळखळून हसली.

असेच चालू झाले. रोज तेच दार, तोच विनोद, तेच हसू. ठप् ऐकू आले की डोरीन आत चुलीवर किटली ठेवी, म्हणजे हाक येईपर्यंत पाण्याला आधण यावे. माझे बाकीचे अंग तसेच राहिले. दिव्यांना तारा नाहीत, काच नाही, छप्पर नाही. माझा राग काही जाईना.

मग एकदा त्यांची मुलगी कॅरल न सांगता आली आणि तिने आईला पान्यासकट पकडले.

"आई, हे काय चालवलंयस? बाबांना खेळवतेस? त्यांना कळलं तर?"

"कळू दे ना," डोरीन म्हणाली. "कालचं एवढं आठवून त्याला कळलं, तर आनंदानं मी जत्रा भरवीन, कॅरल."

"थट्टा नको करूस."

"थट्टा कुठे करतेय? दार लागलं की तो मला हाक मारतो. माझ्या नावानं. चहा संपेपर्यंत तो मला ओळखतो. तेवढ्यासाठी मी अख्खी गाडी विकत घेतली."

 कॅरल नाक पुसून म्हणाली, "आण तो पाना. तुझ्या मनगटात जोर तरी आहे का?" आणि तिने स्वतः माझा बोल्ट ढिला केला. माझा राग त्या दिवशी गेला. रस्त्याची आस होती, ती मीच बाजूला ठेवली.

हिवाळ्यात रेगचे काम संथ झाले. एका दुपारी त्याने फार वेळ लावून दार बसवले. ठप्. नेहमीसारखे झाले. पण हाक आली नाही. डोरीनने वाट पाहिली आणि शेवटी चहा घेऊन ती स्वतःच आली. रेग अदबीने उठून उभा राहिला.

"आभारी आहे, बाई. पण मला निघायला हवं. घरी बायको वाट बघत असेल."

डोरीनने चहाचा कप माझ्या बॉनेटवर ठेवला.

"कशी आहे हो तुमची बायको?"

"फार चांगली," रेग म्हणाला. "माझ्या विनोदांना हसते."

"मग चला, मी सोडते तुम्हांला," ती म्हणाली. तिने त्याला कोपराला धरले आणि अंगण ओलांडून त्यांच्याच घरी पोचवले. मला रडता आले असते, तर मी त्या दिवशी रडले असते.

त्याच आठवड्यात रेगला छातीचा आजार झाला. दवाखान्यातून तो परत आला नाही. अंत्यविधीनंतर डोरीन सवयीने शेडमध्ये आली. तिने पाना बोल्टला लावलाही. मग काढून घेतला आणि माझ्या दारावर तळहात टेकून ती नुसती उभी राहिली. ते दार रेगने बसवलेले शेवटचे दार होते. ते तिला ढिले करवेना.

वसंतात कॅरलने जाहिरात दिली. तिने लिहिले, "काम अपूर्ण. एक दार उत्तम." एक धिप्पाड तरुण बघायला आला. त्याने माझे दार उघडले, कौतुकाने फट न्याहाळली आणि दार लावले.

ठप्.

मी ऐकले, मित्रांनो. घरात नळ सुटला. किटलीचे झाकण वाजले. थोड्याच वेळात डोरीन शेडच्या दारात आली. हातात रेगचा मग होता, सोबत दोन बिस्किटे. परक्या माणसाला बघून ती थांबली. हातातल्या मगाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. कॅरल पुढे झाली, पण डोरीनने मानेनेच तिला थांबवले.

"साखर किती घेता?" तिने त्या तरुणाला विचारले.

उद्या मी नव्या घरी जाईन. कदाचित कुणी मला पुरी करील, कदाचित माझ्यावर पुन्हा रंगाचे डबे चढतील. माझे काही मागणे नाही. एवढेच सांगते, की तुमच्या घरी कुणी तोच विनोद पुन्हा सांगत असेल, तर "सांगितलात मघाशी" असे म्हणू नका, हसा. आणि कुणाची जुनी वस्तू घ्यायला गेलात, तर तिचे दार जरा हळू लावा. आत स्वयंपाकघरात कुणीतरी अजून त्या आवाजाकडे कान लावून बसलेले असते.