नऊ भाग तांबं, एक भाग कथील

कुरुंद्याच्या चाँद पाशा लोहाराला तीस वर्षांत लोखंडानं कधी चकित केलं नव्हतं. वखराची पास असो की बैलगाडीची धाव, भट्टीतून काढायची, ऐरणीवर ठेवायची अन् ठोकायची. त्याला पहिल्यांदा चकित केलं ते एका बाईनं.

साल एकोणीसशे सदतीस. त्याचा थोरला मुलगा नासेर हैदराबादच्या एका तंत्र कॉलेजात निवडला गेला होता. सरकार दरमहा पंधरा रुपये देणार होतं, पण फुकट नव्हे, बिनव्याजी कर्ज म्हणून. शिकून नोकरी लागली की हप्त्यांनी फेडायचं. त्यासाठी कागदावर जामीन हवा होता, अन् त्याच्या नावावर जमीन हवी होती. चाँद पाशाच्या नावावर जमिनीचं ढेकूळसुद्धा नव्हतं. तो पाच घरी गेला. पाचही घरी पाणी मिळालं, सही मिळाली नाही.

सहाव्या दिवशी अनुसूयाबाई स्वतः भट्टीवर आल्या. गावच्या कुलकर्ण्याची ही विधवा हळदीचं पाच एकर रान एकटीनं सांभाळायची.

"चाँदभाई, नासेरला जामीन भेटंना म्हणे?"

"न्हाई भेटला, बाई."

"मग मला काहून नाही विचारलं?"

चाँद पाशा हातातल्या सांडशीकडे बघत राहिला. "कचेरीची गोष्ट हाय, बाई. तुमाला तिथं कसं न्यावं?"

"कचेरीत काय वाघ बसलेत? उद्या सकाळी गाडी जुंपा."

दुसऱ्या दिवशी वसमतच्या तहसिलात कारकुनानं बाईंना तीनदा बजावलं, "पोरानं पैसे बुडवले तर तुमचं रान जाईल. समजलं का?"

"समजलं म्हणून तर सही करून राहिले," बाई म्हणाल्या अन् मोडीत ठसठशीत सही केली. चाँद पाशा दाराशी उभा होता. त्याच्या लेकरासाठी कुणी आपलं रान कागदावर ठेवलं होतं, हे त्याच्या डोक्यात मावत नव्हतं.

नासेर तीन वर्षं शिकला. हैदराबादलाच एका कारखान्यात लागला, हप्तेही भरू लागला. मग विषमज्वरानं धरलं. तीन महिने अंथरुणावर गेले, नोकरी गेली, अन् बेचाळीसच्या हिवाळ्यात तो हाडं तेवढी घेऊन घरी आला. त्याच्या मागोमाग नोटीस आली. सहा हप्ते थकले होते. दोन महिन्यांत भरले नाहीत तर जामिनाच्या रानावर जप्ती.

नोटीस उर्दूत होती. बापलेक ती घेऊन अनुसूयाबाईंच्या ओसरीवर गेले.

"वाच," बाई नासेरला म्हणाल्या.

त्यांचं रान कसं जाणार, हे नासेरला त्यांच्याच पुढ्यात वाचावं लागलं. चाँद पाशाची मान वर होईना.

"झालं वाचून? आता सांग, तीन वर्षं तिथं शिकलास काय?"

"मावशी, इंजनाचं काम, ओतकाम..."

"मला सांगून काय कळणार? करून दाखव."

त्याच आठवड्यात वसमतच्या रामकिशन शेटजींच्या जिनिंगचं इंजन बंद पडलेलं होतं. ज्या धातूच्या कड्यात मोठा दांडा फिरतो ते कडं, म्हणजे बुश, जळून गेलं होतं. लढाईमुळं विलायतेहून पुर्जे येईनात. कापसाच्या गाड्या रस्त्यावर कोसभर उभ्या होत्या, बैल ताटकळले होते. नासेर बापाला घेऊन शेटजींकडे गेला.

"लोहाराचं पोरगं विलायती पुर्जा करणार?" शेटजी म्हणाले. मग बाहेरच्या गाड्यांकडे बघून हात झटकला. "कर बाबा. बंदच हाय, आणखी काय बंद पाडशील?"

नासेरनं जळका बुश मोजला, वहीत चित्र काढलं. घरी आल्यावर म्हणाला, "अब्बा, नऊ भाग तांबं लागंल, एक भाग कथील." त्याची आई हलीमा आत गेली अन् लग्नातलं तांब्याचं पातेलं आणून तिनं भट्टीशी ठेवलं.

सकाळी चाँद पाशा भात्यावर बसला. नासेरनं ओल्या वाळूत लाकडी नमुना दाबून साचा केला होता. कोळसा लाल झाला, पिवळा झाला, मग त्याच्याकडे बघवेना. मुशीतलं तांबं खचलं अन् एकाएकी हललं, पाण्यासारखं. चाँद पाशाचा भात्यावरचा हात थांबला.

"अब्बा, थांबू नका!"

नासेरनं कथील टाकलं, ढवळलं अन् मूस उचलून रस साच्यात ओतला. हिरवट ज्वाळेखाली तो रस संथ धारेनं उतरत होता. पस्तीस वर्षं चाँद पाशानं धातूला मारून वळवलं होतं. इथं तो आपणहून सांगितलेल्या जागी जाऊन बसत होता. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "सुभानअल्ला."

पुढचे चार दिवस नासेर दांड्याला काजळ फासून तो बुशात फिरवायचा. जिथं काळं लागेल तिथं धातू उंच. तेवढाच खरवडायचा, पुन्हा काजळ, पुन्हा फिरवायचं. केसाएवढी चूक डोळ्याला दिसत नाही ती काजळ दाखवतं, हे बघून चाँद पाशा जेवायचं विसरायचा.

पाचव्या दिवशी जिनिंगमध्ये सहा गड्यांनी मोठं चाक ओढलं. इंजन खोकलं, थांबलं. पुन्हा ओढलं. मग एक ठोका पडला, दुसरा पडला, अन् पायाखालची फरशी हलू लागली. गाडीवाले दारात गोळा झाले. रामकिशन शेटजींनी तर पगडी काढून हातात धरली होती.

तासाभरानं नासेरनं बापाचा हात धरून बुशावर ठेवला. बुश कोमट होता, नुसता कोमट. आत दांडा गरगरत होता अन् वर चाँद पाशाच्या तळव्याला दुभत्या गाईच्या पाठीसारखी ऊब लागत होती. त्यानं बराच वेळ हात काढला नाही.

शेटजींनी नासेरला तिथंच मिस्त्री म्हणून ठेवून घेतलं अन् थकलेले हप्ते आगाऊ पगारातून भरून टाकले. उरलेलं कर्ज फिटायला अडीच वर्षं लागली. जामीन सुटल्याचा कागद नासेरनं आणून दिला तेव्हा अनुसूयाबाई हळद उकडत होत्या. त्यांनी तो वाचून घेतला अन् म्हणाल्या, "बरं झालं. आता जरा जाळ सार."

पण इंजन सुरू झालं त्याच दिवशी, वसमतहून परतताना, चाँद पाशानं गाडीत बैलांचे कासरे नासेरच्या हाती दिले.

"बेटा, ते ओतायचं काम... या वयात मला येईल का?"

"काहून न्हाई येणार, अब्बा?"

शुक्रवारच्या नमाजानंतर बावन्न वर्षांचा चाँद पाशा लेकापुढं जमिनीवर मांडी घालून बसला अन् वाळू ओली किती करायची, हे पहिल्यापासून शिकू लागला. पहिले दोन साचे फुटले.