बंद खोली, एक तास

"मी तुमचं नाव नाय घेतलं, ताई," लक्ष्मी फोनवर म्हणाली. "पालिकेवाले विचारत होते, कुठे कुठे गेलीस. म्हटलं, कुठेच नाय. घरातच होते."

मागे ॲम्ब्युलन्सचा दरवाजा लागल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. लक्ष्मी चार घरी पोळ्या करायची. मार्चपासून चारही घरांनी तिला दार बंद केलं होतं. शुक्रवारी दुपारी ती मानसीच्या जिममध्ये होती, शनिवारी तिला ताप आला आणि आज मंगळवारी तिचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. जाता जाता तिने मानसीला वाचवलं होतं. वाचवलं की अडकवलं, हेच मानसीला कळेना.

कारण जिम बंद असायला हवं होतं. सरकारचा तसा हुकूमच होता.

परळच्या एका चाळीत, तळमजल्यावर चाळीच्या मंडळाकडून भाड्याने घेतलेल्या खोलीत 'कमलाबाई लेडीज जिम' सात वर्षं चाललं होतं. नाव आईचं. "मी मेलीनं कधी व्यायाम केला?" असं कमलाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. हॉस्पिटलात आयाबाई म्हणून तीस वर्षं पेशंट उचललेस ते काय होतं, असं मानसीने उलट विचारल्यावर त्या उद्घाटनाला नवं लुगडं नेसून आल्या.

जूनमध्ये दुकानं उघडली, दारूसुद्धा मिळायला लागली. जिमचं मात्र कुणी नाव काढीना. मग बायकाच मानसीच्या दाराशी यायला लागल्या. दहा बाय बाराच्या खोलीत नवरा, सासू, पोरं चोवीस तास. सकाळचा चहा संपतो न संपतो तोच दुपारच्या भाकऱ्या. दुसऱ्या मजल्यावरची अनुजा म्हणाली, "एक तास दे गं. बाकी जगाकडे मी काय मागत नाय." मानसीलाही घर चालवायचं होतं, ते कशाला लपवा? जुलैत तिने जिम उघडलं. पुढचं शटर खाली, मागचं दार लोटलेलं, गाणी बंद. चाळ जेवून आडवी झाली की दुपारी दोनला लक्ष्मी धरून अकराजणी यायच्या. मास्क लावून सुरुवात व्हायची आणि दहाव्या मिनिटाला सगळे मास्क हनुवटीवर यायचे. मानसीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिची चूक हीच होती, आणि ती तिला पुरती ठाऊक होती.

आता गप्प राहिलं तर जिम वाचत होतं. बोललं तर जिमला सील, वर पोलीस केस. आणि चाळीतल्या बायकांना घरात ठेवणार नव्हते, कारण संडास सामाईक. त्यांची रवानगी महापालिकेच्या शाळेत होणार होती, चौदा दिवस. ज्यांनी घरी 'भाजी आणायला जाते' असं सांगितलं होतं, त्यांचं बिंग फुटणार ते वेगळंच.

तिने आईला सगळं सांगितलं. कमलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"वॉर्डात एक शिकले मी," त्या म्हणाल्या. "पेशंट खाटेवरनं पडला की आधी ओरडायचं. कोणाच्या हातून पडला ते मागून."

मानसीने बायकांच्या ग्रुपवर लिहिलं की लक्ष्मी पॉझिटिव्ह आहे, तिने कुणाचं नाव दिलेलं नाही, पण मी सगळ्यांची नावं द्यायला आरोग्य केंद्रावर चाललेय. ग्रुपचं नाव 'ताजी भाजी' होतं. घरच्यांनी फोन पाहिला तरी शंका नको. पाच मिनिटांत तिथे रणकंदन माजलं. कुणी हात जोडले, कुणी शाप दिले. सगळ्यात तिखट अनुजा. तिने लिहिलं की लक्ष्मीला जे कळतं ते तुला कळत नाय, आणि तुला आम्ही आपली समजत होतो.

सुरुचीने मेसेज न करता फोन केला. ती समोरच्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहायची. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि घरी सांगून यायची ते 'खाली चालायला जाते' एवढंच.

"मानसी, माझं नाव राहू दे. मी स्वतःच घरात वेगळी राहते. तुझ्यावर विश्वास नसता तर मी आलेच नसते."

"घरी सांगणारेस का?"

सुरुची म्हणाली, "पप्पांची गेल्या वर्षी बायपास झालीय. त्यांना कळलं की मी बाहेर जात होते, तर या घरात मला कुणी माफ करणार नाही."

पप्पा म्हणजे तिचे सासरे कमलाकांत. ज्यांच्या भीतीने लपवायचं, धोका सर्वांत जास्त त्यांनाच होता. मानसीने तिला तसं तोंडावर सांगितलं. सुरुची रडायला लागली. मानसीने फोन ठेवला आणि चपला घातल्या.

आरोग्य केंद्रात चंपाताई बसल्या होत्या. या भागात गेली वीस वर्षं पोलिओचे डोस पाजत फिरणाऱ्या, घराघरात ओळख असलेल्या आरोग्यसेविका. मानसीने नावं सांगितली, पहिलं स्वतःचं. चंपाताई भराभर लिहीत गेल्या. कुठे भेटलात, या रकान्याशी मात्र त्यांचं पेन थांबलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"बाजारात भेटल्या असं लिहिते," त्या हळूच म्हणाल्या. "नावं तर आलीच. तुझं जिम कशाला मध्ये आणतेस? एकट्या बाईने उभं केलंय ते."

एवढं सोपं होतं हे. नावंही दिली आणि जिमही राहिलं.

"बाजार लिहिलं तर काय होतं?"

"लो रिस्क. घरीच राहायचं, ताप आला तर कळवायचं."

"टेस्ट?"

"लगेच नाही. किट पुरत नाहीत गं. आधी हाय रिस्कवाल्यांच्या."

मानसीला ती खोली दिसली. शटर खाली, पंखे बंद, अकराजणी धापा टाकतायत आणि ती स्वतः मधोमध उभी राहून ओरडतेय, मोठा श्वास घ्या, मोठा.

"बंद खोली लिहा," ती म्हणाली. "बंद खोली, एक तास, मास्क नाही. रोज."

चंपाताईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं.

संध्याकाळी जिमच्या शटरवर महापालिकेचा कागद चिकटला. त्याखाली मंडळाचे सेक्रेटरी रघुवीर यांनी स्वतःचं जाडजूड कुलूप लावलं आणि चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की खोली आता मंडळ परत घेतंय, बायकांना घरात कामं कमी पडतात म्हणून ही थेरं सुचतात. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. मानसी चौकात हातावर विलगीकरणाचा शिक्का आणि खांद्याला पिशवी घेऊन उभी होती. शाळेत जायची बस यायची होती.

"रघुवीरकाका," ती म्हणाली, "शटर पाडून चालवलं, मास्क काढू दिले, ती माझी चूक. ती मी लिहून दिलीय, काय शिक्षा असेल ती भोगेन. पण बायका व्यायामाला आल्या, ही कोणाचीच चूक नाय. ही दोन एकात घालू नका."

कमलाबाई वर कठड्याला धरून उभ्या होत्या. बस येईपर्यंत त्या आत गेल्या नाहीत.

बसमध्ये नियमाने मध्ये एक सीट सोडायची होती. बायकांनी मानसीच्या बाजूला दोन सोडल्या.

शाळेत दुसरीच्या वर्गात त्यांचे बिछाने पडले. मानसी धरून आठजणी होत्या, टॉवरवाल्या तिघींना आपापल्या घरीच राहायला मिळालं, कारण त्यांचे संडास त्यांच्या घरात होते. दोन दिवस वर्गात कुणी मानसीशी बोललं नाही. नाकात काड्या घालून टेस्ट झाल्या, रिपोर्ट यायचे बाकी होते. कुणाच्या नवऱ्याचा फोन आला की ती कोपऱ्यात जाऊन ऐकून घ्यायची आणि परत येऊन तोंडावर चादर ओढायची. मानसीला ते सगळं ऐकू येत होतं. आपण केलं ते बरोबर होतं हे तिला माहीत होतं, आणि त्याने तिला जराही बरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपवर सुरुचीचा मेसेज आला. 'मी पॉझिटिव्ह. म्हणून काल पप्पांना तपासलं. ऑक्सिजन खूप कमी होता, त्यांना स्वतःला जाणवतही नव्हतं. ॲडमिट केलंय, स्टेबल आहेत.' आभार नव्हते, रागही नव्हता. त्याखाली फक्त एवढंच, की सुरुचीने ग्रुप सोडला.

मानसीने तो मेसेज दोनदा वाचला. मग उठली, भिंतीकडे तोंड केलं, पाय खांद्याएवढे फाकवले आणि बैठका मारायला लागली. जिम नव्हतं, पुढे मिळेल अशी आशा नव्हती. पण पाय तिचे होते. ती मोठ्याने मोजत होती, सवयीने. तापाची कणकण कालपासून होतीच. चौदाला धाप लागली. पंधराव्याला तिने गुडघ्यांवर हात टेकले आणि थांबली.

वर्गात सगळ्या जाग्या होत्या, पण कुणी वळून बघेना. अनुजा तिच्याकडे पाठ करून निजली होती. ती तशीच राहिली, चादरसुद्धा हलली नाही.

"वीस असतात," ती म्हणाली. "पाच राहिले."

मानसी परत उभी राहिली.