मालकाचं मशीन

अवधूतला चारचौघांत बायकोवर खेकसायची खोड होती आणि आईला, मनुबाईंना, ती बिलकूल खपत नव्हती. आपल्या छापखान्यात गिऱ्हाईक समोर असलं की हा जास्तच फुगायचा.

"पद्मा, अजून फाइल गेली न्हाई? एवढ्यात हमालानं हळदीचं पोतं पाठीवर नेलं असतं!"

हळदीच्या पाकिटाचं रंगीत चित्र पद्मानं तयार केलेलं, पण ते लय जड. छापखान्यातल्या सगळ्यांच्या फाइली आतल्या केबिनमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, वायरीतनं जायच्या आणि तिथनं पुढं छपाईला. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीगत सरकत होती. चारला लाइट जाणार. पट्टी अर्ध्यात असताना लाइट गेली की परत पहिल्यापासनं. कालही तसंच झालेलं.

मार्केट यार्डातले आप्पासो कंटाळून उठले. "अवधूतराव, उद्या पाकिटं मिळाली न्हाईत तर मी दुसरा छापखाना बघतो."

ते जिना उतरले तसा अवधूत पद्माकडं वळला. "उद्यापासनं तू घरी बस. तुझ्या जागी मी माणूस बघितलाय." आणि आप्पासोंची समजूत काढायला तो मागोमाग धावला.

मनुबाई तिथंच उभ्या राहून ऐकत होत्या. पद्माला शिकायला त्यांनीच धाडलं होतं, मशीनवरही त्यांनीच बसवलं होतं. तिच्या हातचं काम देखणं असतंय, हे सांगायला काही शाळा लागत नाही.

तेवढ्यात साताऱ्याहून बोलावलेला पुष्कर आला. सगळ्या वायरी त्यानंच जोडलेल्या. त्यानं एकेक वायर हलवून बघितली, मग केबिनमध्ये जाऊन सर्व्हरवर उघडं ठेवलेलं काम बंद केलं. बाहेर पद्मा ओरडली, "आत्याबाई, पट्टी पळाय लागली!"

"काय केलंस रं?" मनुबाई म्हणाल्या.

"काही नाही, काकू. ह्या मशीननं फक्त फाइली घ्यायच्या अन् द्यायच्या, ह्याच्यावर कुणी बसायचं नाही, हे मी बसवतानाच सांगितलं होतं. मालक ह्याच्यावरच चित्रं रंगवत बसतात. मग ह्यानं त्यांचं ऐकायचं का सगळ्यांचं?"

"आन् कुणी बोललं न्हाई?"

कामगारांनी पद्माकडं बघितलं. पद्मा हळूच म्हणाली, "मी बोलले होते. ते म्हणाले, सगळ्यात भारी मशीन मालकानं न्हाई तर कुणी वापरायचं?"

लेकाला आजवर कधी बोलायचं झालं तर मनुबाई आधी दार लावून घ्यायच्या. कामगारांपुढं बोललं तर उद्या त्याला कोण मोजणार? गप्प बसलं तर पद्माची जागा जाणार.

अवधूत घाम पुसत आला, तडक केबिनमध्ये शिरला आणि त्यानं आपलं चित्र उघडलं. बाहेर निळी पट्टी जागच्या जागी थांबली.

"पद्मा, परत अडकवलंस का?" उघड्या दारातनं पट्टी बघून तो आतनंच ओरडला.

मनुबाई केबिनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार त्यांनी लावलं नाही.

"अवधूत, ऊठ तिथनं. काम तिनं न्हाई, तू अडवलंस. तिला सगळ्यांदेखत बोललास, म्हणून मीबी सगळ्यांदेखत सांगते. ह्या मशीनवर आता कुणी बसायचं न्हाई, अन् तू तर मुळीच न्हाई. पद्मा हाय तिथंच ऱ्हाईल. तुला चित्रं काढायची असतील तर तिच्या शेजारचं बारकं मशीन रिकामं हाय. आन् आप्पासोंकडं जाऊन, खोळंबा कुणापायी झाला, ते तुझ्या तोंडानं सांगून ये."