एक पळी गंगा

कडूबाईचं नाव ज्यानं ठेवलं तो शहाणा म्हणायचा की खुळा, देव जाणे. आधीची लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईबापानं हिला कडू म्हटलं, म्हणजे मरणानं तोंडात घेतली तरी थुंकून द्यावी. मरणानं तसंच केलं. हिला थुंकलं, आणि हिच्या पोटची दैवशाला तेवढी उचलून नेली.

पूर्णा जंक्शनच्या दवाखान्यात कडूबाई झाडलोट करायची, पाणी भरायची. तिथल्याच खाटेवर पोरगी घटसर्पानं गेली. औषध नव्हतं असं नाही. सुईच्या बाटल्या परभणीहून आलेल्या होत्या, डॉक्टर दिनकररावांनी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवल्या होत्या. पण वैशाखातलं आपल्याकडचं ऊन काय माठाला भीक घालतं होय? पोरीचा घसा बंद होत आला तेव्हा डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. आतलं औषध गढूळलं होतं. ते बराच वेळ बाटलीकडं बघत राहिले, आणि दुसरी नव्हती म्हणून तीच टोचली. उपयोग झाला नाही.

औषधच नसतं तर कडूबाईनं नशिबाला बोल लावला असता आणि गप बसली असती. औषध होतं आणि उन्हानं नासलं होतं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. नवरा व्यंकटी रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायचा, तो त्या दिवसापासून घरात बोलेनासा झाला. कडूबाई मात्र दिनकररावांच्या मागं लागली. दवाखान्यात बर्फाचं कपाट आणा, साहेब. रोज झाडू हातात घेतला की पहिलं वाक्य तेच.

दिनकररावांनी अर्ज केले. तेवढ्यात आपला मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, आणि साहेब बदलले तसे अर्जही पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. सरकारी काम, त्याला काय, म्हातारी मेल्यावर नातीला पावतं. पण पावलं एकदाचं. मालगाडीतून लाकडी पेट्या उतरल्या. यंत्राच्या धडधडीनं रोग्यांना तकलीफ नको म्हणून यंत्र मागच्या पडवीत बसवायचं ठरलं आणि कपाट आतल्या खोलीत. मधे दगडी भिंत, आणि भिंतीतून आरपार जाणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या. त्या नळ्यांतून गॅस फिरणार आणि कपाट थंड होणार.

ते जोडायला लोकोशेडमधला राधाकिशन फिटर आला. सिकंदराबादेला तो हे काम शिकलेला. माणूस तिरसट. कुणी नुसतं जवळून गेलं तरी खेकसायचा. त्याचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असायचा, नळीत ओल जाता कामा नये. पाणी शिरलं तर ते आत फिरत फिरत सुईएवढ्या भोकाशी जातं, तिथं गोठतं आणि वाट बंद करतं, असं तो येईल त्याला सांगायचा. एका कंपाउंडरानं पडवीत चूळ भरली तर त्याचे पूर्वज उद्धरले. कडूबाईनं त्याचा शब्द खाली पडू दिला नाही. पडवी सारवायची बंद केली, पाण्याची घागर मागच्या दारानं आणायची बंद केली, केस धुतले त्या दिवशी तर तिकडं फिरकलीही नाही. असं ऐकणारं माणूस राधाकिशनला जन्मात भेटलं नव्हतं. तो तिला आक्का म्हणायला लागला.

नळ्या जोडून झाल्या तशी त्यानं सिलिंडरातून आत हवा दाबून भरली आणि गळती शोधायला बसला. कडूबाईनं रिठे घुसळून घट्ट फेस करून दिला. ब्रशानं तो एकेका जोडावर लावायचा आणि डोळे बारीक करून बघत राहायचा. भिंतीजवळच्या एका जोडावर बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. तो कडूबाईलाच आधी दिसला. राधाकिशननं स्वतःलाच चार शिव्या घातल्या, दाब सोडला, जोड खोलला, फेस पुसून घेतला. नळीचं तोंड नव्यानं फुलवायचं हत्यार शेडमध्ये राहिलेलं. नळीच्या तोंडात कोरडं फडकं खुपसून तो ते आणायला गेला. जाताना म्हणाला, आक्का, लक्ष ठेवा, इथं कुणाला येऊ देऊ नका.

तिनं कुणाला येऊ दिलं नाही.

आपल्याकडं तांब्याचं नवं भांडं घरात आलं की त्यात पहिली पळी गंगेची पडते. घागर असो, बंब असो, हंडा असो. गंगाखेडाहून आणलेली गंगा, म्हणजे आपली गोदामाय, देव्हाऱ्यात असतेच, तुळशीचं पान घालून. त्याशिवाय भांडं वापरात घेतलं तर ते घराला लाभत नाही, असं कडूबाईच्या आईनं तिला शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. या नळ्या तांब्याच्या होत्या, नव्या होत्या, आणि त्यांच्यावर गावच्या लेकरांचा जीव टांगलेला होता. त्या कोरड्याच, नुसत्याच कशा सुरू करायच्या? तिनं कमरेची चंची सोडली, देव्हाऱ्यातली गंगा पानासकट भरून आणलेली बाटली काढली. फडकं उपसलं, पळीभर गंगा नळीत सोडली आणि हात जोडले. माय, कुणाचं लेकरू आता असं जाऊ देऊ नको, एवढंच म्हणाली. फडकं होतं तसं खुपसलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं बजावलं होतं तरी बाईला अक्कल कशी नाही. अहो, तिनं पाणी टाकलंच नव्हतं. पाणी आडाचं असतं, नळाचं असतं, ओढ्याचं असतं. गंगेला पाणी कोण म्हणतं? तिच्या ध्यानीमनीही आलं नाही की आपण सांगितल्याबाहेर काही केलं. उलट काम पुरं झालं असं वाटून तिला त्या दिवशी बऱ्याच काळानं भाकर गोड लागली.

राधाकिशननं जोड पक्का केला, पुन्हा फेस लावून बघितला. एक बुडबुडा नाही. मग आतली हवा आणि ओल खेचून घ्यायला पंप लावला. पंप चालू असताना निखाऱ्याचं घमेलं नळीखालून फिरवून त्यानं तांबं हाताला चटका बसेल इतकं तापवलं. पण भिंतीच्या आत नळीला एक खोलगट वळण होतं. तिथवर ना निखारा पोचला ना पंपाची ओढ पुरली. पंपावरचा काटा मात्र बरोबर जागेवर आला. त्यानं गॅस भरला, गळती दाखवणारा दिवा प्रत्येक जोडावरून फिरवला. गॅस निसटत असता तर ज्योत हिरवी झाली असती, ती निळीच राहिली. यंत्र सुरू झालं, कपाटातल्या नळीवर पांढरं दहिवर धरलं. सगळी पूर्णा बघायला लोटली. कडूबाईनं कपाटात हात घातला, आणि तो थंड हात गालाला लावून तिथंच रडली. दैवशालेच्या वेळी हे असतं तर, असं ती म्हणाली.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, कपाट चाललं. पण यंत्रावर ताण पडला तो उन्हाळ्यात. वळणातली ओल हळूहळू यंत्रातल्या तेलागॅसाबरोबर पुढं सरकली आणि त्या बारीक भोकाशी जाऊन गोठली. दुपारी दवाखाना बंद असायचा तेव्हा यंत्र नुसतंच धडधडायचं आणि कपाट तापायचं. संध्याकाळपर्यंत तो खडा वितळायचा, वाट मोकळी व्हायची, कपाट परत गार. सकाळी कंपाउंडर आतला पारा बघायचा तर सगळं ठीक. चोर घरातच होता आणि पहारा दाराशी.

चुडाव्याची छबूबाई आपल्या मुंजाजीला पोटाशी धरून गाडीतून उतरली. पाच-सहा वर्षांचं पोर, मान सुजलेली, श्वासाचा आवाज फाटकापासून ऐकू येत होता. कडूबाई तो आवाज ओळखत होती. तिनं छबूबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, भिऊ नको, आता कपाट हाय. दिनकररावांनी कपाट उघडून बाटली काढली, उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले.

कडूबाईला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं छबूबाईच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

मुंजाजी गेला. दिनकररावांनी राधाकिशनला बोलावून घेतलं, आणि इतकी वर्षं कुणाला चढ्या आवाजात न बोललेला तो माणूस पडवीत उभा राहून त्याला वाट्टेल ते बोलला. राधाकिशननं हत्यारं काढली. गॅस काढून घेतला, त्या बारीक भोकाचा भाग खोलला. भोकाच्या अलीकडं कचरा अडवायला बसवलेल्या चाळणीत ओल होती. पाणी आलं कुठून, असं दिनकरराव विचारत होते. राधाकिशननं चाळणी उलटी केली आणि तळहातावर काहीतरी पडलं. काळं पडलेलं, नखाएवढं, पण कुठलं पान आहे ते कळत होतं. दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या कडूबाईलाही ते दिसलं.

त्यानं मूठ मिटली. "वाळवताना मव्हीच कसूर झाली, साहेब," एवढं म्हणाला आणि मूठ खिशात घातली.

दिनकरराव आत गेल्यावर तो यंत्राजवळच उकिडवा बसून राहिला. कडूबाई जवळ आली. तो खेकसेल, हत्यार फेकून मारेल, असं तिला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती टाकलं होतं, आक्का?"

"एक पळी. तुमी पानी नगं म्हणला व्हता. ती गंगा हाय, भाऊ."

 राधाकिशन सावकाश म्हणाला की नळीला ते कळत न्हाई, आणि हे कुणापाशी बोलायचं न्हाई. त्याला बोलणी खायची सवय आहे, तिला इथंच रोज झाडायचंय. कडूबाई मान हलवून गेली. पण त्या दिवसापासून तिचा घास तोंडातच फिरायला लागला. देव्हाऱ्यातल्या गंगेकडं बघायची तिची हिंमत होईना. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपण झालो, हे तिला उठताबसता टोचायचं.

नव्या नळ्या आल्या. दुधानं तोंड पोळलेला राधाकिशन आता ताकही फुंकून पीत होता. निखारा, पंप, परत निखारा, परत पंप, आणि भिंतीतलं ते वळणच काढून टाकलं. शेवटचा एक जोड तेवढा उघडा राहिला होता, तेव्हा पडवीच्या पायरीवर छबूबाई येऊन उभी राहिली. मुंजाजीच्या नावानं गंगेत बुडी मारून ती गंगाखेडाहून परतत होती. हातात तोंड बांधलेला लहानसा तांब्या होता.

कडूबाईचीही लेक अशीच गेली हे तिला दवाखान्यात कळलं होतं, म्हणून ती तिलाच शोधत आली होती. म्हणाली, ऐकलंय नव्या नळ्या बसवायलेत, मागच्या बारीला गंगा घालायची ऱ्हायली असंल, म्हून ते कपाट लाभलं न्हाई. मव्ह्या मुंजाचं झालं ते झालं, दुसरीचं लेकरू तरी वाचावं. असं म्हणत ती तांब्याच्या तोंडावरचं फडकं सोडायला लागली.

राधाकिशन ताडकन उठून आडवा झाला. साहेबांचा हुकूम न्हाई म्हणाला. छबूबाईनं शांतपणे विचारलं की गंगेला कुणाचा हुकूम लागतो.  त्यानं कडूबाईकडं बघून मान हलवली, बोलू नका अशी.

कडूबाई बोलली नसती तरी चाललं असतं. त्यानं छबूबाईला हाकललं असतं, जोड आवळला असता. पण आज ही आली, उद्या तिसरी येईल, चौथी येईल, सगळ्या आयाच, सगळ्यांच्या चंचीत गंगा. कडूबाईनं तिचं मनगट धरलं.

"नको, छबू. मागच्या बारीला मीच टाकली व्हती. औषध त्यानंच नासलं. तुहा मुंजा मह्या पळीनं गेला."

छबूबाईला ते एकदम उमजलं नाही. राधाकिशनकडं बघितलं तर त्यानं मान खाली घातलेली. मग तिनं कडूबाईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. ओरडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत.

"लेकीच्या नावानं टाकली व्हतीस?" तिनं विचारलं.

कडूबाईनं हो म्हटलं.

छबूबाईनं तांब्याचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं, दोनदा गाठ मारली. तांब्या दोन्ही हातांत धरून, एकही थेंब सांडू नये अशी जपून पावलं टाकत ती स्टेशनच्या वाटेला लागली. मागं वळून काही बघितलं नाही तिनं.

राधाकिशन पाना शोधत होता, समोर पडलेला त्याला दिसत नव्हता. तोवर नळीच्या तोंडावर हात धरा, आक्का, असं तो म्हणाला. कडूबाईनं हात पदराला पुसला, परत पुसला, फुंकर घालून कोरडा केला आणि नळीवर ठेवला. मग डोळे भरून आले, तसं तिनं घाईनं तोंड दुसरीकडं वळवलं. नळी अजून उघडी होती.