सासूबाईंचा कोपरा

गवंड्याने खड्ड्यात पाणी ओतून काठी रोवली, पाणी जिथवर आलं होतं तिथे कोयत्याने खाच पाडली आणि म्हणाला, "आता वाट बघायची, ताई." नेमकं तेच मला जन्मात जमलेलं नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी दहादा झाकण उचलून बघते. तो चहा प्यायला टपरीवर गेला आणि मी खड्ड्याभोवती येरझाऱ्या घालू लागले.

हे सगळं बाबांसाठी चाललं होतं. बाबा माझ्या भावाकडे राहतात, चौथ्या मजल्यावर. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते जिना उतरलेले नाहीत, दिवसभर खिडकीतून रस्ता बघतात. खूप मिनतवाऱ्या केल्यावर आमच्याकडे यायला तयार झाले, पण खोली तळमजल्यावर हवी आणि संडास-मोरी स्वतंत्र. "लेकीच्या घरी पहाटे कुणाचं दार ठोठावायला मला जमणार नाही," म्हणाले.

घरामागे खोलीपुरती जागा होती. अडलं होतं मातीपाशी. आमची जमीन काळी, चिकट. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतली चीर तिच्याबरोबर उघडते नि मिटते. "पायाचं काही नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खणू," गवंडी म्हणाला होता. "पण सेप्टिक टँकचं पाणी जिरवायचं कुठे? जुन्या शोषखड्ड्याला तुमचंच पाणी झेपत नाही. ही माती पाणी पीतच नाही हो."

दोन खड्डे खणून झाले होते. दोन्हींत कालचं पाणी तसंच उभं होतं, डासांची सोय झाल्यासारखं. हा तिसरा.

चौथी जागा होती, पण तिचं नाव काढायची सोय नव्हती. कुंपणाच्या कोपऱ्यात जमीन जरा चढते आणि तिथे मुरूमच आहे. पाणी झरझर जिरतं, मुळं कुजत नाहीत. सासूबाईंनी वर्षानुवर्षं शेणखत घालून तिथे वाफे केलेत. टोमॅटो, गवार, कडेने शेवंती. सासरे गेल्यापासून तर त्यांचा दिवस तिथेच जातो. गवंड्याने पहिल्याच दिवशी तिकडे बोट दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते सोडून बोला." नवऱ्याने "तुम्ही दोघी बघा काय ते" म्हणत ऑफिस गाठलं. या एका वाक्यावर त्याने आजवर संसार केलाय.

मी वाकून पाहिलं. पाणी केसभरही हललं नव्हतं. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"काय म्हणतोय तुझा खड्डा?"

"जिरतंय, बाबा," मी ठोकून दिलं.

"मग बॅग भरायला घेतो."

फोन ठेवला आणि जिवाची नुसती तगमग झाली. मी घरातून तांब्या आणला, फाटकाकडे एक नजर टाकली आणि खड्ड्यातलं पाणी काढून मागे फेकायला लागले. एक तांब्या, दुसरा, तिसरा.

"आणखी चार काढ," मागून सासूबाई म्हणाल्या. "एवढ्याने गवंडी फसायचा नाही."

मी तांब्या हातात धरूनच वळले.

"मला बाबांना आणायचंय, आई." एवढं म्हणेपर्यंत मला रडू फुटलं.

"आण की. पण आज तू उपसशील, पावसाळ्यात कोण उपसणार? घाण पाणी वर येऊन त्यांच्याच दारात उभं राहील. वॉकर घेऊन कुठून चालतील ते?"

त्या आत निघून गेल्या. संपलं सगळं, असं वाटलं. बाबांना काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तोच त्या खुरपं घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता थेट कोपऱ्यात गेल्या, खाली बसल्या आणि टोमॅटोचं पहिलं रोप मुळासकट उपटलं.

"आई, राहू दे."

"तांब्या ठेव आणि बादल्या आण. शेवंती निघेल तेवढी काढू."

मला हवं होतं तेच घडत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. आम्ही दोघींनी वाफा मोकळा केला. गवार तोडताना त्यांनी कोवळ्या शेंगा वेगळ्या ठेवल्या, रोजच्यासारख्या.

गवंडी परतला. काही न विचारता त्याने तिथे खणायला घेतलं. खड्ड्यात पाणी ओतलं, काठी रोवली, आणि खाच पाडेपर्यंत पाणी खाली गेलेलंसुद्धा. "हे बघा," तो म्हणाला. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या बादलीतल्या रोपांवर पाणी शिंपडत होत्या.

पुन्हा फोन वाजला. माझा अधीरपणा कुठून आलाय हे वेगळं सांगायला नको. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी मातीच्या हातानेच फोन घेतला.

"व्याहीबुवा, जागा मिळाली. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला हवी, तेवढं सांगा."

पलीकडून बाबा काहीतरी बोलले.

"नाही, बागेकडे नको," त्या म्हणाल्या. "दुसरी बाजू सांगा. तिकडे आता बाग नाही."